पंधरा लिटरचं कुटुंब

डिसेंबर हा लग्नांचा महिना, म्हणजे उत्तरं देण्याचा महिना. डोक्यावरच्या अक्षता झटकून होतात न होतात तोच कुणीतरी मावशी समोर उभी राहते आणि विचारते, "काय गं, मुलं कशी आहेत?" यावर "मजेत" एवढंच म्हणायचं असतं, कारण मागे मठ्ठ्याची रांग खोळंबलेली असते. थोरली पुण्याला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, धाकटा बारावीला, दोघंही मजेत. खरं उत्तर द्यायला बसले तर जेवणाची दुसरी पंगतसुद्धा उठून जाईल. म्हणून ते इथे देते.

आधी धाकटा, कारण तो निदान घरात राहतो. राहतो हे मी पुराव्यावरून सांगते आहे. सकाळी गॅसवर मॅगीचं खरकटं पातेलं असतं, दुधाचं भांडं रिकामं करून पुन्हा फ्रीजमध्ये ठेवलेलं असतं आणि सोफ्याच्या पाठीवर ओला टॉवेल असतो. साक्षात दर्शन दुपारनंतर. ज्या ज्युनिअर कॉलेजात त्याचं नाव आहे, तिथे तो प्रॅक्टिकलपुरता जातो. बाकीचा वेळ क्लास. जानेवारीत जेईई, फेब्रुवारीत बोर्ड, मग सीईटी, असं सगळं भिंतीवरच्या तक्त्यात चार रंगांच्या पेनांनी आखलेलं आहे. तक्ता फार सुंदर झालाय. तो करण्यात दिवाळीची सुट्टी गेली.

पहाटे केलेला अभ्यास डोक्यात राहतो, असं मला माझ्या आईने सांगितलं होतं. तिला तिच्या आईने. आमच्या तिघींपैकी एकीनेही कधी पहाटे अभ्यास केलेला नाही, पण परंपरा म्हणून काही असते. तेव्हा थंडी सुरू झाल्याबरोबर मी साडेचारचा गजर लावायला लागले. आता नाशिकची थंडी काय असते ते पेपर वाचणाऱ्याला सांगायला नको. निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला ही आमच्याकडे पहिल्या पानावरची बातमी असते. पारा फार उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून बागाईतदार रात्री-अपरात्री उठून बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकचं पाणी सोडतात. मीही तशीच, एका घडासाठी, स्वेटरवर शाल आणि शालीवर नवऱ्याचं जाकीट अशी स्वयंपाकघरात चहा ठेवायला जाते.

तर पहिल्याच पहाटे दिवा लावला आणि घड समोर उभा. हातात खाकरा.

"आई, अजून जागी?" त्याने काळजीने विचारलं. "झोप गं आता. तब्येत बिघडेल अशाने."

आणि तो झोपायला गेला. तेव्हापासून आमची भेट याच वेळी होते. त्याचा दिवस संपतो तिथे माझा सुरू होतो. मी उठवायचं कुणाला, हा प्रश्न सुटलेला नाही. चहा मात्र दोन कप होतो, आणि दोन्ही मीच पिते.

याविषयी बोलायला गेलं की पोरगं शास्त्र काढतं. वयात येताना मेलाटोनिन रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, त्यामुळे झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. यात आळशीपणाचा काही संबंध नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय की या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आत भरवू नका. "आणि आपलं सरकार बघ," तो म्हणतो. "२०२४ मध्ये आदेश काढला, सकाळी नऊच्या आधी शाळा नको. पण कुणाची? चौथीपर्यंतची! चौथीतली पोरं सहा वाजता उठून घर डोक्यावर घेतात. खरी गरज आम्हाला आहे." मी म्हटलं, "मग चौथीत जाऊन बस." हे मी हरल्यावर बोलते, हे त्याला ठाऊक आहे.

थोरलीचं तसं नाही. ती समोर नसते, त्यामुळे तिची काळजी मनसोक्त करता येते. थंडी पडली की मी डिंकाचे लाडू करते आणि पुण्याला कुरिअर करते. डिंक तुपात फुलवताना तूप नीट तापलेलं लागतं. नाहीतर वरून लाही होते आणि आत खडा राहतो, तो थेट दाढेत बसतो. यंदा डिंक उत्तम फुलला. खारीक, खोबरं, खसखस, जायफळ, सगळं जिथल्या तिथे. फक्त गुळाचा पाक किंचित पुढे गेला, कारण त्याच वेळी हॉस्टेलवरून फोन आला होता की आई, लाडू कधी पाठवतेस. डबा पोचला. चार दिवस काही कळेना. मग मीच विचारलं. उत्तर आलं, "छान आहेत. एकीच्या दातांच्या तारेचं ब्रॅकेट निघालं. ती म्हणते चव मस्त आहे."

सेमिस्टर संपली आणि डिसेंबरअखेर ती स्वतः आली. एक सॅक स्वतःची, दोन सॅक धुण्याच्या. पुण्यात वॉशिंग मशीन पोचलं नसावं. त्या धुण्यात एक करड्या रंगाची हूडी होती, एक्सएल मापाची, आत माझ्यासकट थोरली मावेल एवढी ऐसपैस. छातीवर कुठल्याशा रोबोटिक्स क्लबचं नाव. आमची मुलगी सिव्हिलची.

नवरा म्हणाला, "ही हिच्या मापाची नाही."

"हल्ली सैलच घालतात," मी म्हटलं, आणि शिवणी उलटवून आत कुठे नाव लिहिलंय का ते पाहिलं. नव्हतं. बाह्यांची टोकं चावलेली होती. चावण्याची पद्धत आमच्या घरची नव्हती. मी थोरलीला काही विचारलं नाही. मी आधुनिक आई आहे. हूडी फक्त तिच्या नजरेसमोर येईल अशा बेताने दोरीवर पुढच्या बाजूला वाळत घातली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले. ती मोबाइलकडे बघत बसली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. भानगड झाली ती पाण्याची.

आमच्या दोन बाथरूममध्ये दोन गिझर. पैकी आतल्याने नेमका डिसेंबरात राम म्हटला. दुरुस्तीवाल्याने कॉइल बाहेर काढून दाखवला. सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने त्यावर क्षारांचा असा थर चढवला होता की खाली धातू आहे यावर विश्वास ठेवावा लागला. "मॅडम, नवा टाकावा लागेल. उद्या येतो," म्हणून तो गेला. थंडीत गिझरवाल्याचा उद्या हा श्राद्धाच्या तिथीसारखा असतो, असं म्हणणार होते, पण तिथी निदान येते.

उरला एक, १५ लिटरचा, आणि माणसं चार. थोरलीने एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. पाणी १५ लिटर, १५ अंशांवरून ६० वर न्यायचं, कॉइल २ किलोवॅटचा; म्हणजे तापायला साधारण २४ मिनिटं. मग त्यात गार मिसळून अंगाला सोसेल असं ४० अंशांवर आणलं की २७ लिटर होतं.

"म्हणजे दीड बादली," नवरा म्हणाला. "माणशी?"

"घराला," थोरली म्हणाली.

शॉवरमधून मिनिटाला आठ-नऊ लिटर सहज जातात. म्हणजे तीन मिनिटांत खेळ खलास. धाकट्याची अंघोळ तीन गाण्यांची असते, आणि हल्लीची गाणी आखूड असली तरी एवढीही नाहीत. थोरलीचे केस धुवायचे तर त्या दिवशी बाकीच्यांनी गोदावरीवर जावं. भांडणं सुरू झाली. कोण आधी, कोण नंतर, कुणी बटण बंद केलं, कुणी बादली भरून ठेवून परत पांघरुणात शिरलं. मी वेळापत्रक करून फ्रीजवर लावलं. त्यावर दोघांनी मिळून एक सुधारित वेळापत्रक लावलं, ज्यात माझी अंघोळ दुपारी अडीचला होती. ऑफिसच्या दिवशी.

आणि मला बंब आठवला. आठवला म्हणजे, तो दिवाणखान्यातच उभा होता. सासूबाईंचा, सिन्नरच्या घरातला, तांब्याचा. घर मोडलं तेव्हा जावांना दागिने गेले आणि आम्हाला हा. गेली काही वर्षं तो सजावटीला होता. दर दिवाळीत मी त्याला पितांबरीने लख्ख करत असे आणि त्याच्या मधल्या नळीत मी ऑनलाइन मागवलेलं पॅम्पस गवत खोचलेलं होतं. येणारे जाणारे "वा, अँटिक" म्हणत.

ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी: मधोमध नळी, तिच्यात जाळ करायचा. भोवतीच्या पोकळीत पाणी. तळाला जाळी, राख पडायला. बाजूला तोटी. घरभरच्या माणसांची अंघोळ व्हायची त्यावर. करवंट्या, गोवऱ्या, लाकडाच्या ढलप्या, काहीही चालायचं त्याला. पाणी न भरता पेटवला तर सांध्यांचा डाक वितळतो, हे सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत बजावलं होतं. म्हणून मी पाणी आधी भरलं. हा मुद्दा पुढे झालेल्या चर्चेत कुणीही विचारात घेतलेला नाही.

बेत गुपचूप केला. पंचवटीतल्या पूजासाहित्याच्या दुकानातून गोवऱ्या आणल्या, करवंट्या घरच्याच होत्या. मुलं उठतील तर कढत पाणी, धुराचा वास, आजोळची सकाळ, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. मुलांचं आजोळ ठाण्याला सातव्या मजल्यावर आहे, ही गोष्ट चित्रात बसत नव्हती, पण चित्र माझं होतं. पहाटे पाचला पॅम्पस उपसलं, बंब स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत ढकलला, गार वारा येतो म्हणून काचेची सरकती खिडकी पक्की लावून घेतली. अंगात काहीतरी जाड हवं म्हणून दोरीवरची हूडी चढवली. फारच ऊबदार निघाली. मुलगा कोण असेल तो असो, कापडाची पारख आहे, असं मनात आलं. मग गोवरीवर कापूर ठेवला आणि काडी ओढली.

जाळ छान धरला. पण नळीतून जो धूर आला तो सिन्नरचा नव्हता. काळा, चिकट, नाकात आंबट झोंबणारा. आता पॅम्पस ताठ उभं राहावं म्हणून नळीच्या आत मी कधीकाळी थर्माकोलचा गोल कापून ग्लू गनने चिकटवला होता. एक व्हिडिओ बघून, फार मन लावून केलेलं काम होतं ते. पॅम्पस उपसलं तेव्हा काड्याच तेवढ्या हातात आल्या. थर्माकोल जागेवरच होता. गोंद उत्तम लागला होता.

बाल्कनी भरली. मी हवा खेळावी म्हणून स्वयंपाकघराचं दार उघडलं. मग स्वयंपाकघर भरलं. खाली वॉचमनने शिट्टी वाजवली. सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा आली, "कुणाकडे काय जळतंय?" त्याखाली तिघांनी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात घातलं. एका सदस्याने अग्निशमन दलाला फोन करू का, असं विचारलं, त्यावर माझ्या नवऱ्याने नंतर जो विनोद केला तो तुम्हाला सुचलाच असेल. मी तो करणार नाही. गेला महिनाभर मी तो ऐकते आहे.

अख्ख्या इमारतीत त्या वेळी खऱ्या अर्थाने जागा असलेला एकच माणूस होता. तो हेडफोन गळ्यात अडकवून आला. एक शब्द न बोलता त्याने मला हूडीच्या टोपीला धरून बाहेर ओढलं, नाकाला पंचा लावून आत गेला, काच सरकवली, ओट्यावरचा लोखंडी तवा उचलून नळीच्या तोंडावर पालथा घातला आणि ओलं पोतेरं राखेच्या झरोक्यात कोंबलं. जाळ गुदमरला. एवढ्यात नवरा अर्धवट झोपेत बादली घेऊन धावत आला.

"पाणी ओतू नका, बाबा!" थोरली मागून ओरडली. "वाफ उसळेल अंगावर!"

तो थांबला. पुढचा सगळा वेळ तो ती भरलेली बादली हातात धरून उभा होता. खाली ठेव, असं त्याला कुणी सांगितलं नाही म्हणून.

मी धाकट्याला विचारलं, "हे बारावीच्या पुस्तकात आहे?"

"रीलमध्ये आहे," तो म्हणाला.

मग माझी शाळा घेण्यात आली. थोरली कमरेवर हात ठेवून उभी. बंद जागेत गोवऱ्या-कोळसा जाळला तर कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाही, वास नाही; रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. माणूस खोकतसुद्धा नाही, नुसता पेंगतो आणि जातो. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून चांगली धडधाकट माणसं गेली आहेत, दर थंडीत बातम्या येतात, वाचत नाहीस का? थर्माकोल होता म्हणून धूर तरी दिसला. "काही झालं असतं म्हणजे? कुणाला सांगणं नाही, विचारणं नाही, उठायचं आणि मनाला येईल ते करायचं! आम्ही काय समजायचं?" शब्द, सूर, मधला उसासा, सगळं माझंच होतं. मी ते तिला दहावीपासून ऐकवत आले आहे. ऐकताना ती ऐकत नाही असं मला वाटायचं.

"आणि पहाटे उठायचंच कशाला?" धाकट्याने शेवटचा घाव घातला. "पहाटे डोकं चालत नाही माणसाचं."

मी म्हटलं, पाणी तापलंय का ते तरी बघा. तापलं होतं. कडकडीत. पण तोटी हलेना. वर्षानुवर्षांची पितांबरी तिच्या फटीत जाऊन बसली होती. नवऱ्याला अखेर काम मिळालं. बादली ठेवून तो पाना घेऊन आला, आणि दोन झटक्यांत तोटी त्याच्या हातात आली, म्हणजे पूर्णच आली. पुढचं पाणी बाल्कनीभर होऊन डक्टमधून खाली गेलं, काजळीसकट, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या पांढऱ्या चादरींवर. त्या दिवशी आमच्या घरात कुणीच अंघोळ केली नाही. त्यावरून मात्र एकही भांडण झालं नाही.

काकूंकडे मी उरलेले डिंकाचे लाडू घेऊन गेले. त्या चादरींवरून काही बोलल्या नाहीत. भोगीला त्यांच्याकडून तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी आली, आमच्याच डब्यातून. डब्यात खाली एक लाडू तसाच होता. तो बहुधा फुटला नसावा.

गिझर नवा आला, २५ लिटरचा, हप्त्यावर. बंब परत दिवाणखान्यात, तोटीविना, एका बाजूने काळा. पाहुणे आता जास्तच अँटिक म्हणतात. पॅम्पस पुन्हा लावायला थोरलीने मनाई केली आहे. धाकट्याची जेईई होऊन गेली; कशी गेली या प्रश्नावर "गेली" असं उत्तर मिळालं. गजर मी बंद केला आहे. तरी साडेचारला जाग येतेच, मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसतो. चहाचा दुसरा कप हल्ली तो पितो, आणि झोपायला जातो.

थोरली संक्रांतीआधीच पुण्याला परतली. हूडी मात्र इकडेच राहिली. राहिली म्हणजे, वास जाईना म्हणून मी ती पुन्हा पुन्हा भिजवत होते, आणि वाळली की संध्याकाळी थोडा वेळ घालत होते. परवा मेसेज आला.

"आई, ती ग्रे हूडी तिकडे आहे का? पाठव ना. तो सारखा विचारतोय."

मी मेसेज दोनदा वाचला. नवरा शेजारी पेपर वाचत होता, त्याला दाखवला नाही. बरंच काही टाइप केलं, पुसलं. कोण, कुठला, कुठल्या वर्षाला, आईवडील काय करतात. मी आधुनिक आई आहे. शेवटी लिहिलं, "मग तो बिचारा इतके दिवस थंडीत काय घालतोय?"

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तराला वेळ लागला.

"त्याच्या आईने विणलेला स्वेटर आहे ना त्याच्याकडे. घालत नाही तो."

त्या बाईंचा नंबर मागावा असं फार मनात आहे.